अचल डोंगराची चाल

१ ऑगस्ट, गुरुवार

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनने मला अधिकृतपणे कळवलं की मी माझ्या घरी राहत नाही. मी समोरच्या लॉन्ड्रीत राहतो. नकाशावरचा निळा ठिपका, म्हणजे अस्मादिक, इस्त्रीच्या टेबलाजवळ उभे होते. प्रत्यक्षात मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. गाळणी हातात, पातेलं ओट्यावर, पाय फरशीवर. इतके पुरावे असूनही आकाशस्थ मंडळींचं मत वेगळं पडलं.

अन्याय नवा नाही. गेल्या महिन्यात माझी तीन पार्सलं लॉन्ड्रीत गेली. लॉन्ड्रीवाला तिसरं घेऊन आला तेव्हा म्हणाला, "साहेब, तुमचा पत्ता बदलून टाकू का एकदाचा?" ही आतून ओरडली, "बदला हो, आणि त्यांचे शर्टही तिकडेच ठेवून घ्या."

ऑफिसात संपादकांपुढे गाऱ्हाणं मांडलं. संपादक माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. मी तरुणपणी संस्कृत शिकलो आणि त्यातून अजून बरा झालेलो नाही, म्हणून ते मला शास्त्रीबुवा म्हणतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यावरच लिहा. उपग्रह माणसाला कसे शोधतात, कशाकशाला उपयोगी पडतात. तुमच्या सदरात चार रविवार. सोपं लिहा. समास नकोत."

मी म्हटलं, रिसीव्हरला ‘ग्राहक’ हा सुंदर शब्द आहे. ते म्हणाले, "वाचकाला वाटेल, फोनमध्ये गिऱ्हाईक बसवलंय."

३ ऑगस्ट, शनिवार

मोजणी कार्यालयात गेलो होतो. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे मोजणीबाई म्हणतात. वय पंचेचाळीस, चष्मा केसांत, बुटांना वाळलेला चिखल. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू माझाही नकाशा काढायचा होता.

"लॉन्ड्री सोपी आहे," त्या म्हणाल्या. "शेजारी काचेची उंच इमारत आहे?"

"आहे."

"उपग्रहाची हाक थेट तुमच्या फोनपर्यंत येत नाही, आधी काचेवर आपटते. वाट लांबते. फोनला वाटतं, तुम्ही लांब आहात."

मग त्यांनी मुळापासून समजावलं. समजा, शहरात तीन गिरण्या आहेत आणि तिन्हींचा भोंगा बरोबर आठला वाजतो. पहिला तुम्हाला आठ वाजून तीन सेकंदांनी ऐकू आला, म्हणजे तुम्ही तिच्यापासून साधारण किलोमीटरभर आहात. कुठल्या दिशेला ते कळत नाही. नुसतं एक वर्तुळ मिळतं. दुसऱ्या भोंग्याने दुसरं वर्तुळ. दोन्ही जिथे छेदतात अशा दोनच जागा उरतात. तिसरा भोंगा त्यातली एक पक्की करतो. उपग्रह हेच करतात, फक्त आवाजाऐवजी प्रकाशाच्या वेगाने. प्रत्येकजण सारखा एवढंच ओरडत असतो: मी अमुक, मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत.

"म्हणजे ते मला पाहत नाहीत?"

"तुम्ही आहात हेही त्यांना माहीत नाही. ऐकायचं आणि हिशेब करायचं काम तुमच्या फोनचं."

पंचावन्न वर्षांच्या स्तंभलेखकाला हे ऐकून बरं वाटत नाही. पण पुढचं मात्र आवडलं. मी विचारलं, माझंच घड्याळ चुकलेलं असलं तर? त्या पहिल्यांदा हसल्या. "म्हणून चौथा उपग्रह लागतो. तीन तुमच्या जागेसाठी, चौथा तुमच्या घड्याळाची चूक काढायला. सेकंदाच्या लाखाव्या भागाने चुकलात तरी तीन किलोमीटर भरकटाल." आमच्या घरी चौथा उपग्रह कोण आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.

वर काळ किंचित भरभर चालतो, दिवसाला सेकंदाचे अडतीस दशलक्षांश; म्हणून उपग्रहातली घड्याळं मुद्दाम तेवढी मंद लावून पाठवतात, असंही कळलं. वर बसलेल्यांचा वेळ वेगळा चालतो, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. मग उपयोग: रुग्णवाहिका, जहाजं, शेतात नांगराचं सरळ तास धरणारे ट्रॅक्टर, पाठीवर यंत्र घेऊन समुद्र पालथे घालणारी कासवं. बँका तर जागा न विचारता नुसती वेळ विचारतात. मी भराभर टिपत होतो. चार रविवारांची सोय झाली होती.

तेवढ्यात मोजणीबाई म्हणाल्या, "अकरा मिलिमीटर! गेल्या वर्षभरात माझ्या पट्ट्याची भोकं याहून जास्त सरकली. मग मलाही स्थलांतरित करणार का?"

मी पेन खाली ठेवलं. वाक्य माझंच होतं.

तीन वर्षांपूर्वी याच कार्यालयाने पूर्वेच्या डोंगरावर तीन खांब रोवून त्यांवर उपग्रहांचे रिसीव्हर बसवले होते आणि वर्षभराने, डोंगर तेवढ्यात अकरा मिलिमीटर खाली सरकला, असं कळवलं होतं. पायथ्याची गल्ली रिकामी करावी, अशी शिफारस होती. मी त्यावर लेख लिहिला: ‘अचल’. संस्कृतात डोंगराला अचल म्हणतात, न हलणारा. अग म्हणतात, नग म्हणतात. दोन्हींचा अर्थ न जाणारा. तीन-तीन शब्द साक्ष देत असताना ही मंडळी डोंगराला चालायला लावतात, अशी थट्टा. शहर पोट धरून हसलं होतं. मीही.

"पाठ आहे मला तुमचा लेख," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. एक रेघ, आधी झोपलेली, मग उठून बसलेली, आता उभी राहू पाहणारी. मार्चपासून महिन्याला पाच मिलिमीटर. जुलैचा पाऊस डोंगरात मुरल्यापासून दिवसाला दोन. नखं वाढतात त्याच्या वीसपट वेगाने.

"खाली सव्वीस घरं आहेत," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. शेवटून तिसरं माझ्या ताईचं आहे."

४ ऑगस्ट, रविवार

ताईकडे गेलो. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यापासून त्या घरात एकटी. मला पंडित म्हणते. त्यात आदराचा अंश नाही.

दार उघडायला तिला दोन धक्के मारावे लागले. "ये पंडित. हे दार बघ, पुन्हा घासतंय. त्या सुताराला तीनदा बोलावलं. येतो, वरचा कोपरा रंधतो, जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. हल्लीच्या लाकडात राम नाही." पलीकडची शेजारीण नळाच्या सांध्यातून पाणी गळतं म्हणून प्लंबरला नावं ठेवत होती. कारागिरांचे दिवस वाईट आहेत एकूण.

मी सरळ सांगितलं, काही दिवस आमच्याकडे चल. डोंगर सरकतोय.

तिने दाराजवळच्या भिंतीकडे नुसतं बोट केलं. तिथे माझा लेख आहे, प्लास्टिक चढवून. चौकोनी, स्वच्छ, वर माझा फोटो.

"डोंगर म्हणजे अचल. माझ्या भावाने लिहिलंय. छापून आलंय."

"ताई, मी चुकलो होतो."

"तेव्हा चुकलास की आत्ता चुकतोयस?"

मी रेघ, खांब, मिलिमीटर, सगळं समजावलं. ती भाजी निवडत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "तुझ्याकडे जिना किती पायऱ्यांचा रे?"

"अडतीस. का?"

"काही नाही. लिफ्ट?"

"दहा वर्षांपासून बसणार आहे."

"बरं," म्हणाली आणि देठं खुडत राहिली. पुढे तासभर मी बोललो, उपयोग शून्य. मी प्रकाशाच्या वेगावर बोलतोय आणि बाई पायऱ्या मोजतेय. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

६ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा मोजणीबाई. विचारलं, ज्या तंत्राला मी लॉन्ड्रीत दिसतो, त्याला डोंगराचे दोन मिलिमीटर कसे दिसतात? प्रश्नात थोडी आशा होती, हे कबूल करतो. त्यांची चूक निघाली असती तर मला हवीच होती.

चूक निघाली नाही. डोंगरावरचे तीन खांब सरकत्या मातीत आहेत. चौथा नदीपलीकडे अखंड कातळावर, जो डोंगरासोबत हलत नाही. चौघेही त्याच उपग्रहांचं, त्याच क्षणी ऐकतात. वाटेतली हवा जी गडबड करते ती चौघांच्याही ऐकण्यात सारखीच येते. वजाबाकी केली की उडून जाते. शिवाय हे रिसीव्हर नुसता निरोप ऐकत नाहीत, लहरीचा प्रत्येक चढउतार मोजतात. आणि फोन दोन सेकंदांत उत्तर देतो, हे चोवीस तास एकाच जागी बसून ऐकतात.

"एवढा वेळ एका जागी बसून ऐकून घेणारं कुणी मला भेटलेलं नाही," मी म्हटलं.

"आम्हालाही नव्हतं भेटलं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी."

मग त्यांनी वॉर्ड ऑफिसला पाठवलेली आणि तिथून परत आलेली शिफारस काढली. शेवटच्या पानाला ‘जनभावना’ या मथळ्याखाली माझा लेख जोडलेला. समासात वॉर्ड अधिकाऱ्यांच्या सुवाच्य अक्षरात: ‘सदर लेख पाहता तूर्त कार्यवाहीची आवश्यकता वाटत नाही.’

मी आयुष्यभर तक्रार करत आलो की आपलं लिहिलेलं कुणी गांभीर्याने घेत नाही.

घरी आल्यावर ताईचा फोन. दार, सुतार आणि "तुमच्या जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा आहे का रे?" मी म्हटलं, ताई, विषय बदलू नकोस.

ठरवलंय. जे मी लिहून बसवलं, ते मीच लिहून उठवणार.

७ ऑगस्ट, बुधवार

संपादक म्हणाले, "खुलासा देऊ की. तीन ओळी, पान पाच, शब्दकोड्याखाली."

"दोन वर्षांपूर्वी पहिल्या पानावर चुकलो होतो. दुरुस्तीही तिथेच होईल."

"शास्त्रीबुवा, पहिल्या पानावर आपण चुकलो असं कुणी छापतं का?"

"नाही तर माझा राजीनामा घ्या."

"त्यात समास आहेत?"

"आहेत. लांबलचक."

त्यांनी डोकं खाजवलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि अखेर पहिल्या पानाचा खालचा अर्धा भाग दिला. भला माणूस आहे. मोजणीबाईंना फोन करून आकडे स्वतः तपासून घेतले, हे मला नंतर कळलं. मी दोन वर्षांपूर्वी तो फोन केला नव्हता. लिहून ठेवतो: केला नव्हता.

९ ऑगस्ट, शुक्रवार

लेख झाला. सहा वेळा फाडला, सातव्यांदा जमला. गाभा असा:

‘डोंगराला अचल हे नाव ज्यांनी दिलं त्यांनी तो एका आयुष्यापुरता पाहिला होता. तेवढ्यात तो हलताना दिसत नाही. त्यांचं चुकलं नाही. त्यांच्याकडे कातळावरचा चौथा खांब नव्हता. माझ्याकडे तो होता आणि मी त्याची चेष्टा केली. त्याच भाषेत या सगळ्या विश्वाला आणखी एक शब्द आहे: जगत्. मूळ धातू गम्, जाणे. जे सारखं चाललेलं आहे ते जगत्. हा शब्द मला तेव्हाही येत होता. तो विनोदाच्या आड येत होता, म्हणून मी वापरला नाही.’

शेवटचं वाक्य हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "हे खरं आहे." मग थोड्या वेळाने, "अहो, पण हे वाचून माणसं घर सोडतील का?" मी म्हटलं, वाचतील आणि सोडतील. इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे.

आजचा वेग: दिवसाला तीन.

११ ऑगस्ट, रविवार

लेख आला. दुपारपर्यंत एक्केचाळीस फोन. सगळ्यांना अतिशय आवडला.

एक निवृत्त मुख्याध्यापक अग आणि नग यांच्या व्युत्पत्तीवर वीस मिनिटं बोलले आणि डोंगराविषयी एक अक्षर बोलले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी राहणारा शिंपी म्हणाला, "काय लिहिता हो! पोरांना मोठ्याने वाचून दाखवला." घर सोडताय ना? "बघू की, सणवार झाले की बोलू." वॉर्ड अधिकाऱ्यांचा आवाज प्रसन्न होता: "फार खुसखुशीत. फाइलला जोडून ठेवलाय."

आता फाइलला माझे दोन लेख आहेत, एकमेकांविरुद्ध. कार्यवाहीची आवश्यकता तूर्त वाटत नसावीच.

ताईचा फोन संध्याकाळी. "दोन्ही लेख छान आहेत रे. यातला खरा कुठला ते तेवढं कळव."

सव्वीस घरांतून शून्य माणसं हलली. डोंगर चार मिलिमीटर.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज मोजणीबाईंना घेऊनच ताईकडे गेलो. म्हटलं, माझ्या तोंडून नको, यांच्या तोंडून ऐकू दे. ताईच्या दारात सुतार उकिडवा बसला होता, रंधा हातात, दार चौकटीतून काढून आडवं. ताई उभी राहून त्याची हजेरी घेत होती.

"चौथ्यांदा येतोस. लाज नाही वाटत?"

"आजी, माझा काय दोष? मी रंधतो तेवढं तुमचं दार वाढतं."

मोजणीबाई थबकल्या. "कुठला कोपरा?"

"वरचा. उताराकडचा."

"दर वेळी तोच?"

"दर वेळी तोच." सुताराने रंधा खाली ठेवला. जरा वेळ दाराकडे, मग चौकटीकडे पाहत राहिला. "लाकूड फुगलं असतं तर सगळीकडून फुगलं असतं. हे दार नाही वाढत. चौकट वाकते."

"अजून कुणाची दारं केलीत या गल्लीत?"

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. बोटं संपली. अकरा. एप्रिलपासून अकरा घरं, काही दोनदोनदा, आणि प्रत्येक ठिकाणी वरचा, उताराकडचा कोपरा. "मला वाटलं, एकाच वखारीचं लाकूड असेल," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

गल्लीतली दारं एप्रिलपासून बातमी देत होती. बातमीदार, म्हणजे अस्मादिक, तिथे बसून कारागिरांच्या दर्जावर हळहळत होते.

मोजणीबाईंनी पट्टी काढून चौकट मोजली. कर्णांत एकोणीस मिलिमीटरचा फरक. आकडा वहीत लिहिला आणि पुन्हा एकदा मोजलं. ताई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सातला कार्यालयातून फोन: कालच्या चोवीस तासांत नऊ मिलिमीटर.

आठला आम्ही तिघे गल्लीत. मी बोलायचं नाही, असं ठरलं. ठरवलं मोजणीबाईंनी. "तुम्ही बोललात की लोक हसायला तयार होतात," त्या म्हणाल्या. खरं आहे.

सुताराने पहिल्या घरापासून सुरुवात केली. दार वाजवायचं, आत शिरायचं, दार अर्धवट लावायचं, जिथे घासतं तिथे खडूने फुली मारायची आणि फक्त एवढं म्हणायचं: "बघा काकू, तुमचंही इथेच." काकू शेजारच्या घरात जाऊन बघायच्या. फुली त्याच जागी. तिथली वहिनी तिसऱ्या घरात. दहा वाजेपर्यंत अख्खी गल्ली रस्त्यावर होती, एकमेकांच्या चौकटी तपासत, आणि कुणी चेष्टा करत नव्हतं. शिंपी स्वतःच्या दारातल्या फुलीपुढे कंबरेवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "आयला. हे तर कापड तिरकं बेतल्यासारखं झालंय."

मग मोजणीबाईंनी डोंगराकडे हात केला आणि नऊ हा आकडा सांगितला. आता तो आकडा प्रत्येकाच्या घरात राहत होता.

वॉर्ड अधिकारी साडेअकराला आले. त्यांना दारं दाखवली. समासात लिहायला तिथे जागा नव्हती. शाळेला सुट्टी देऊन तिची इमारत दुपारपर्यंत राहायला मिळाली.

संध्याकाळी तेवीस घरं रिकामी. उरलेल्यांत ताई.

"शाळेत जा म्हटलं तर तिथे फरशीवर झोपायचं, म्हणते. आमच्याकडे चल म्हटलं तर बघू, म्हणते. हट्टीपणाला काही सीमा?" मी हिला सांगत होतो. ही कांदा चिरत होती. सुरी थांबली.

"अहो, त्या जिन्याचं विचारत होत्या ना? कितीदा?"

"तीनचारदा. विषय बदलायला."

"वन्संच्या दोन्ही गुडघ्यांत जीव राहिलेला नाही. तीन महिने त्या बाजारातसुद्धा गेल्या नाहीत. तुम्ही दर रविवारी जाता ना तिकडे?"

मी जातो. बसतो. बोलतो.

१४ ऑगस्ट, बुधवार

ही माझ्याबरोबर आली. ताईशी अर्धा मिनिट बोलली. "वन्सं, एकदाच चढायचं. मग मी सांगेपर्यंत उतरायचंच नाही."

"आणि चढू कशी? उडून?"

"खुर्चीत बसून. चार माणसं आणलीत."

"मी काय वरात आहे?"

"वरात नाही, कपाट. आणि कपाटाइतकी जड पण नाही तुम्ही, चला."

ताई हसली. हसली म्हणजे निघाली. लॉन्ड्रीवाला, सुतार, शिंपी आणि अस्मादिक अशा चार खांद्यांवर ती अडतीस पायऱ्या चढली. पंचविसाव्या पायरीवर माझा दम गेला तेव्हा वरून म्हणाली, "पंडित, मिलिमीटर मिलिमीटर चल, पण चल."

निघताना तिने घरातून दोन ट्रंका, औषधं आणि भावोजींचं घड्याळ घेतलं. माझा लेख भिंतीवरच राहिला. मी काढायला गेलो तर म्हणाली, "असू दे. डोंगर पडला तर त्याच्यावर पडेल."

सव्वीसच्या सव्वीस घरं रिकामी. आजचा वेग अकरा.

१८ ऑगस्ट, रविवार

चार दिवस पाऊस नाही. वेग: आठ, पाच, तीन, आज एक.

शाळेत गेलो होतो. लोकांचा आवाज बदललाय. "पडायचा असता तर पडला असता." "तुमच्या लेखाला छान शेवट हवा होता काय?" शिंप्याने विचारलं, हसत नव्हता. सुताराशी दोघंजण बोलत नाहीत. त्याने खडू मारून घाबरवलं, म्हणतात. तो बिचारा शाळेच्या खिडक्यांच्या कड्या दुरुस्त करत फिरतो.

प्रांजळपणे लिहितो. येताना डोंगर दिसला तेव्हा मनात आलं, आता पड एकदाचा. कुणी नाही खाली. पड आणि आम्हाला खरं ठरव. मग ताईचं कौलारू छप्पर दिसलं, आणि मान खाली घालून घरी आलो.

२२ ऑगस्ट, गुरुवार

वेग दिवसाला अर्धा मिलिमीटर. शाळेचे वर्ग सोमवारी पुन्हा सुरू व्हायचे आहेत, म्हणजे माणसांना तिथून निघावं लागेल.

मोजणीबाईंना विचारलं, थांबला का? त्या म्हणाल्या, "थांबलाय की दम घेतोय, मला सांगता येत नाही. तो कुठे आहे, ते मी केसाएवढ्या फरकाने सांगेन. केव्हा पडेल, ते नाही. पुढच्या मोठ्या पावसाआधी कुणी परत जाऊ नये एवढं माझं मत आहे. पण ते मत आहे, मोजमाप नाही." किती स्वच्छ बाई. मत आणि मोजमाप यांच्यामध्ये मी आयुष्यात कधी स्वल्पविरामही दिला नाही.

दुपारी ताई पिशवी भरून माझ्यासमोर येऊन बसली.

"मग पंडित, जाऊ की राहू?"

मी सांगायला लागलो: अर्धा मिलिमीटर, जमिनीतलं पाणी, कातळावरचा खांब. तिने हात वर केला.

"ते मला नको सांगू. मला त्यातलं कळत नाही आणि कळून घ्यायचं वय नाही. तू सांग. तू म्हणशील तसं."

सदुसष्ट वर्षांत हे वाक्य तिने कुणालाही म्हटलेलं नाही. भावोजींनाही नाही.

मी म्हटलं, "अजून नाही. राहा."

तिने का म्हणून विचारलं नाही. उठली, आत गेली, पिशवीतले कपडे एकेक करून पुन्हा कपाटात ठेवले. ती शाळेतल्यांनाही फोन करून सांगत होती, ते मला इथपर्यंत ऐकू येत होतं: पंडित म्हणतो, अजून नाही. थांबा सगळे.

माझा आवाज ठाम होता. ‘अचल’ लिहिलं तेव्हाही इतकाच ठाम होता. आतून तपासून पाहिलं. दोन्ही वेळा अगदी सारखंच वाटतं, काडीचाही फरक नाही. आज आकडे बाईंचे आहेत, हे मला माहीत आहे. पण ताईने आकडे ऐकलेच नाहीत. तिने फक्त मला ऐकलं.

डोंगराची भीती वाटते, पण त्याच्यावर तीन खांब आहेत. मला खरी भीती वाटते ती याची, की माणसं माझं ऐकतात.